दाजींनी राखलेलं गवत

दवाखान्यात दाजींना शेवटचं भेटलो तेव्हा त्यांनी मला प्रकृतीचं काही विचारूच दिलं नाही. नाकातली ऑक्सिजनची नळी बोटानं जरा बाजूला सारून म्हणाले, "पावणं, तेवढं प्लॉटवर जाऊन या. वर कोण दिसतंय का बघा." दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मी त्यांच्याहून बराच लहान, पण बायकोचा भाऊ म्हणून मला ते कायम पावणं म्हणत आणि काम सांगायचं असलं की अहो-जाहो करत. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून माझ्याकडं कणवेनं बघायला लागली. तिला वाटलं, पेशंट बरळायला लागला. मला मात्र कळलं होतं. दिवाळी होऊन गेलेली, पाऊस कधीच थांबलेला. मी रिक्षा करून आक्काच्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटात गेलो, वाळत चाललेलं गाजर गवत वाकवून पानं वरून-खालून तपासली आणि परत येऊन सांगितलं, "एकबी न्हाय, दाजी." ती सून 'अरेरे' असं काहीतरी पुटपुटली. दाजींच्या चेहऱ्यावर मात्र समाधान पसरलं. "मग गेलं खाली," ते म्हणाले. "निजू देत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढीला साबण लावून आरशासमोर उभा असताना आक्काचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "बाळू, ये." मी तसाच निघालो. कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्यानं मला अडवून, काही न विचारता, स्वतःच्या रुमालानं माझं तोंड पुसलं तेव्हा मला कळलं की अर्ध्या गालावर साबण आहे... आणि तेव्हाच हेही कळलं की मी रडतोय.

दाजींची सगळी नोकरी वारणानगरला डेअरीत झाली. निवृत्त झाल्यावर कोल्हापूरच्या कडेला, नव्या वसाहतीत, त्यांनी हौसेनं घर बांधलं. शेजारी मोकळा प्लॉट, मालक पुण्याला. दाजींना केवढा आनंद, की एका बाजूनं कायमचा वारा. पहिल्याच पावसाळ्यात त्या प्लॉटात कमरेएवढं गाजर गवत उभं राहिलं, पांढऱ्या फुलांनी भरलं, आणि त्या कायमच्या वाऱ्यानं आक्काचा श्वास धरला. आधी शिंका, मग मानेवर आणि कोपरांच्या आत खाज, मग रात्रंदिवस छातीत शिट्टी. डॉक्टरांनी खिडकीबाहेर काय आहे ते विचारलं आणि ऐकून म्हणाले, "घर बदला." आता आयुष्यभराची पुंजी ज्या भिंतींत गेली ते घर कसं बदलणार? दाजी म्हणाले, "मग प्लॉट बदलू."

त्यांनी गवत उपटलं. पुढच्या सरीनं पुन्हा आलं, आधीपेक्षा दाट. तणनाशक मारलं तर त्याच्या वासानं आक्का दोन दिवस आडवी. अशात एका शेतकरी मेळाव्यात त्यांनी मेक्सिकन भुंगेऱ्याची माहिती ऐकली. तुरीच्या दाण्याएवढा किडा, अंगावर मळकट पांढऱ्या रंगात तपकिरी नागमोडी रेघा. पावसाळाभर तो आणि त्याच्या अळ्या गाजर गवताची पानं खातात, आणि पाऊस सरला की भुंगेरे जमिनीखाली जाऊन निजतात, ते पुढच्या पावसालाच वर येतात. दाजी घरी आले ते नवरदेवासारखे. आक्कानं विचारलं, "आणि गवत संपल्यावर? माझी तुळस खातील की." दाजींनी आणलेला पहिला भुंगेरा तिच्यासमोर तुळशीवर सोडला. त्यानं पानाचा वास घेतल्यासारखं केलं आणि उडून गेला. "बघ, उपाशी मरंल पण दुसऱ्याला तोंड लावणार न्हाय." आक्का म्हणाली, "माणसांत असा एक तरी दाखवा." "मी हाय की. तुझ्या हातचं सोडून कुठं जेवतोय?" "आणि रविवारी तांबड्या रश्श्याला खानावळीत जाताय ते?" दाजी लगबगीनं प्लॉटात गेले.

या कामात माझा वाटा हमालाचा. दाजींचा गुडघा दुखायचा, म्हणून राधानगरीच्या रस्त्याकडेचे भुंगेरे गोळा करून आणायला मला पाठवलं. प्लास्टिकची बरणी, झाकणाला तापल्या सुईनं पाडलेली भोकं. परतताना एस.टी.त शेजारी बसलेल्या फेटेवाल्यानं बरणीकडं बघून विचारलं, "पावणं, काय हाय त्यात?" मी खरं सांगितलं, "भुंगेरं." त्यानं वाकून झाकणाच्या भोकांतून आत बघितलं. मग हळूच म्हणाला, "तळून खात्यात?" मी समजावून सांगायला म्हणून बरणी उचलली आणि झाकण हातात राहिलं. पुढची गंमत मी घरातल्या प्रत्येक लग्नात सांगितली आहे, म्हणून इथं आवरतो. एवढंच सांगतो, की ड्रायव्हरनं गाडी थांबवली, अर्धी गाडी मला शिव्या घालत होती आणि उरलेली अर्धी माझ्याबरोबर सीटखाली वाकून भुंगेरे वेचत होती. फेटेवाल्यानं तर फेट्यात वेचले. घरी आल्यावर दाजींनी बरणी उजेडात धरली आणि विचारलं, "त्यांना लागलं न्हाय न्हवं?" मला लागलं होतं, कपाळाला, टेंगूळ दिसत होतं. ते त्यांनी विचारलं नाही.

खरा प्रसंग आला तो गणपतीत. वसाहतीच्या तरुण मंडळाचा मांडव त्याच प्लॉटात पडायचा. श्रावण सरता सरता पोरं विळे-खोरी घेऊन आली. नेमके तेव्हाच भुंगेरे भरात होते, पानांच्या खालच्या बाजूंना पिवळी अंडी लागली होती. दाजी आडवे उभे राहिले. मंडळाचा अध्यक्ष बबलू गोंधळला. "काका, अवो काकूंसाठीच उपटालोय की आम्ही. त्यांना दम लागतोय म्हणून आज सगळी पोरं लवकर आल्यात." दाजी म्हणाले, "बाळा, तिच्यासाठीच ठेवालोय मी." त्या पोराच्या चेहऱ्यावरचा भाव मी अजून विसरलो नाही. अखेर तडजोड झाली. पुढं मांडव, मागच्या कोपऱ्यात गवत, मध्ये पडदा. आरतीला सगळं गाव देवाकडं बघून टाळ्या वाजवायचं. आक्का नाकाला पदर लावून, आणि दाजी एक डोळा पडद्याच्या फटीला लावून. विसर्जन झालं, मांडव सुटला, पडदा निघाला. मागचं गवत खराट्यासारखं उभं होतं. पान नाही, फूल नाही, नुसत्या काड्या. बबलू बघतच राहिला. पुढच्या वर्षी तो मांडवाच्या आधी स्वतः विचारायला आला, "काका, औंदा तुमची जनावरं कुठल्या बाजूला हायत?"

म्हणून कुणी असं समजू नये की प्लॉट कायमचा स्वच्छ झाला. पाऊस गेला, भुंगेरे निजले, की राहिलेलं बी पुन्हा उगवायचं. मी एकदा चिडून म्हणालो, "दाजी, हे संपणार कधी?" ते म्हणाले, "संपवायला कोण निघालंय? दाबून धरायचं. तिला पावसाचं चार महिने धड श्वास मिळाला, बास की." आणि तेवढं झालं. आक्काचा श्वासाचा पंप उशाखालून निघून फडताळात गेला. पावसाळ्यात ती पुन्हा जिन्यावरून भांडायला लागली, एका दमात, वरच्या पायरीपासून खालच्या पायरीपर्यंत. दाजी खाली खुर्चीत बसून ऐकायचे, गाणं ऐकल्यासारखं.

त्यांना मात्र एक खोड लागली ती लागलीच. कुठलंही पान दिसलं की उलटं करून बघायचं. मंडईत मेथीची जुडी उलटी करायचे, तेव्हा भाजीवाली म्हणायची, "काका, किंमत खाली लिवलीया व्हय?" पुतण्याच्या लग्नात, पंगतीत, वाढपी भात घेऊन पुढ्यात उभा आणि दाजी केळीचं पान उचलून खालून बघतायत. मी कोपरानं ढोसलं. तर म्हणाले, "वरनं सगळी पानं हिरवीच दिसत्यात, पावणं."

दाजींची रक्षा गारगोटीजवळच्या त्यांच्या शेतात, आंब्याच्या बुंध्याशी घातली. कार्याच्या दिवशी नैवेद्याचं पान मांडताना आक्कानं ते हातात घेतलं, उलटं करून बघितलं आणि मग वाढायला घेतलं. बघणाऱ्या बायकांना वाटलं, स्वच्छ आहे का ते पाहिलं असेल. मी उठून बाहेर गेलो, चपला सापडत नसल्याचं निमित्त करून. चपला पायातच होत्या.

त्यानंतर काही दिवसांनी पुण्याच्या मालकानं प्लॉट विकल्याचं कळलं. एका सकाळी जेसीबी येऊन उभा राहिला. शेजारीपाजारी खूश, कारण गवताची कटकट मिटली. आक्काचा तर त्रासच संपणार होता. तिनं मला फोन केला, "बाळू, ये." तेच दोन शब्द. मी या वेळी साबण न लावता पळालो. ती कुंपणाला धरून उभी होती. "माती नेत्यात रे," म्हणाली. "त्यात ती निजल्यात."

मी जेसीबीवाल्याकडं गेलो. मऊ आवाजात म्हणालो, जरा वरची माती पाहिजे होती. "बाग करताय व्हय, पावणं?" मी मान हलवली. तेवढ्यात कुंपणाकडून आक्काचा आवाज आला, "खोटं कशाला बोलतोस? आमच्या ह्यांची जनावरं निजल्यात खाली, असं सांग की." ड्रायव्हरनं दोन्ही पाय सीटवर घेतले. "नाग हाय का काय?" नाग नाही, भुंगेरे आहेत, हे पटवायला मला बरीच खटपट करावी लागली. माझ्या बोलण्यानं कधी कुणाला काही पटलेलं नाही. शेवटी आक्काच आली. तिनं सगळं सांगितलं. श्वासाचं, बरणीचं, मांडवाचं. सांगता सांगता तिला दम लागला. ती थांबली, तोही थांबला, इंजिन बंद करून. मग त्यानं मागच्या कोपऱ्यातली वरची माती साय काढावी तशी हलक्या हातानं खरवडली आणि जेसीबीच्या फावड्यात भरून आणून आक्काच्या फाटकाशी ओतली. चहाला थांबला नाही. जाताना मातीच्या ढिगाला बाजूनं वळसा घालून गेला, चाक न लावता.

ती माती आम्ही जुन्या पिंपात आणि रंगाच्या डब्यांत भरून मागच्या पडवीत ठेवली. पाणी घालायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही. दाजी सांगायचे तसं. त्यात खरंच कुणी निजलं आहे की नुसतीच माती आहे, हे मला माहीत नाही. आक्कालाही नाही. पुढच्या पावसाशिवाय कळणार नाही.

परवा गेलो होतो. पडवीत तुळशीशेजारच्या डब्यात, तुळशीला पाणी घालताना शिंतोडे उडतात त्या कडेला, गाजर गवताची दोन रोपं उगवली होती. बोटभर उंच, कोवळी, कातरलेल्या पानांची. आक्काचा पंप फडताळातून निघून पुन्हा कनवटीला आलाय, हे मी मघाशीच बघितलं होतं. मी वाकलो आणि रोप मुळाशी धरलं.

"ठेव ते," आक्का मागून म्हणाली.

"आक्का, अगं तुझ्याच घरात..."

"उठल्यावर खातील काय?"

मी हात काढून घेतला. ती जवळ आली, नाकाला पदर लावला, आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी ते एवढंसं पान हळूच उलटं करून बघितलं.