उन्हाकडे तोंड करून गारगोट्या वेचताना

बजाजनगरमधून निघताना प्रवासातलं पहिलं वाक्य माझं होतं आणि ते नेहमीचंच होतं. "धर गं नीट."

निर्मला धरत नाही. मोटारसायकलवर माझ्या मागे बसली की एका हाताने ती मांडीवरची कापडी पिशवी सांभाळते आणि दुसऱ्याने मला जग दाखवत राहते. ते बघा मोर, तो बघा केवढा उसाचा ट्रॅक्टर. मी मात्र आरसा, खड्डे, कुत्री आणि पुढच्या ट्रकची चाकं यांवर एकाच वेळी नजर ठेवून असतो. मुळात मी भित्रा माणूस. वाळूजच्या एका कारखान्यात आग विझवायची नळकांडी तपासण्याचं काम करतो. "ह्यांना घाबरण्याचाच पगार मिळतो," असं बायको माहेरी सांगत असते.

तिला दगडांचा नाद लागला तो गेल्या उन्हाळ्यात. नाथसागराच्या (पैठणच्या धरणाचं मागे पसरलेलं पाणी) काठावर तिला एक गारगोटी सापडली होती. गुलमंडीत खरेदीला गेलो तेव्हा अंगठीचे खडे विकणाऱ्या एका चाचांना तिने ती दाखवली. चाचांनी ती उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "बाजी, ये तो अकीक है, अंगूठी में जड़ते हैं. सूरज की तरफ मुँह करके चला करो. जो पत्थर अंदर से जलता दिखे, बस वही उठाओ."

झालं. तेव्हापासून कुठेही वाळू-खडी दिसली की आमची बाई उन्हाकडे तोंड करून चालू लागते.

मे महिन्यातला रविवार होता. नगर रस्त्याने कायगावपर्यंत गेलो आणि तिथून कच्च्या वाटेला लागलो. मागच्या चाकाखाली फुफाटा (पिठासारखी मऊ धूळ) उडत होता आणि गाडी घसरेल या धास्तीने मी दोन्ही पाय जमिनीला टेकवत चाललो होतो. मग एकदम समोर नाथसागर दिसला. पाणी बरंच मागे हटलेलं. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेऱ्याची (पाणी ओसरल्यावर गाळात घेतलेल्या पिकांची) टरबुजं लोळत होती आणि त्यापुढे कोवळ्या गवतात मेंढ्या चरत होत्या.

मेंढ्यांमागे एक मावशी होत्या. काखेत काठी, खांद्यावर घोंगडी. गाडी कुठे लावू, असं मी विचारल्यावर त्यांना हसू आलं.

"लावा की कुटंबी. हितं कोण नेतंय?"

"मावशी, इकडं साप वगैरे?"

"हायेत की."

"आणि चिखल?"

"समदं वाळलंय वरून. माझ्या मेंढ्या रोज जात्यात पाण्यापातूर." मग त्यांनी निर्मलाच्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं. "काय न्यायला आलाव?"

"दगड," निर्मला म्हणाली.

"दगड? न्या बाई, पोतंभर न्या. मेंढ्यांच्या खुरात लई अडकत्यात."

बाभळीखाली बसून आम्ही भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा खाल्ला. ऊन कलल्यावर निर्मला पश्चिमेकडे तोंड करून निघाली. मी बाभळीखालची एक वाळकी काठी घेऊन तिने प्रत्येक दगड उलटवून, खाली विंचू नाही ना हे पाहून मगच पुढे सरकत होतो.

पण खरं सांगतो, मजा आली. ह्या गारगोट्या वरून अगदी बटाट्यासारख्या दिसतात, मातकट आणि खरबरीत. पाण्यात बुडवल्या की त्यांचा रंग उमलतो. एकीत मधाचा रंग होता, एकीत दुधी आणि निळसर पट्टे एकमेकांना बिलगून फिरलेले. एक फुटलेली होती, तिच्या पोटात खडीसाखर भरल्यासारखे स्फटिक होते. निर्मला तर दगड सरळ जिभेवर घासून रंग बघत होती. मी ओरडलो, तर म्हणाली, "तुम्ही बघा तरी एकदा उन्हाकडे धरून!"

मी वाकून एक उचलला आणि उन्हाकडे धरला. आतून तांबूस उजेड पेटला आणि मी खुळ्यासारखा बघत राहिलो. मग दुसरा उचलला, मग तिसरा. साप, विंचू, गाडी, किल्ली, सगळं विसरलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी काही वेळ अजिबात घाबरलो नव्हतो, आणि नेमकं त्याच वेळात ते झालं.

"अहो!"

तिचा आवाज वेगळा होता. ती बरीच पुढे गेली होती. समोरून ऊन, त्यामुळे पुढची जमीन दिसत नव्हती. नजर पायापाशी, दगड पेटतो का एवढंच बघणारी. तशीच चालत चालत ती खडी सोडून गाळावर गेली होती. वरचा पापुद्रा वाळून तडकलेला आणि खाली रेंदा (खोल, चिकट चिखल). ती गुडघ्यापर्यंत आत होती.

मी धावलो आणि माझाही पाय पोटरीपर्यंत गेला. कसाबसा उपसून मागे पडलो. "हलू नको!" मी ओरडलो. ती हलली. मांडीपर्यंत गेली. मोबाइल काढला, तर रेंज नव्हती.

मावशी पळत आल्या आणि कपाळावर हात मारून मटकन खाली बसल्या. "मानूस जड असतंय, भाऊ! माझ्या ध्यानातच नाय आलं. मेंढीचं काय, चार पायांवर हलकी!" त्यांना रडूच फुटलं.

तेवढ्यात निर्मला म्हणाली, "अहो, मला भीती वाटतेय."

हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. बाळंतपणात नाही, माझ्या ऑपरेशनच्या वेळी नाही. मी रोज शंभर गोष्टींना घाबरतो आणि त्यातली एकही खरी ठरत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ती घाबरली म्हणजे आता खरंच घाबरण्यासारखं होतं.

"पिशवी टाक!" मी ओरडलो. खांद्यावरची दगडांनी गच्च भरलेली पिशवी तिने काढून बाजूला टाकली. पिशवी दोन बुडबुडे सोडून दिसेनाशी झाली. निर्मला त्या बुडबुड्यांकडेच बघत राहिली.

मावशींच्या खांद्यावरची घोंगडी मी जवळजवळ हिसकावली, गाळावर पसरली आणि तिच्यावर पालथा झालो. "पाय धरा माझे, मावशी. सोडू नका."

"नाय सोडत! तुमी व्हा म्होरं!"

पोटाखाली पापुद्रा कुरकुरत होता. प्रत्येक वितीला वाटत होतं, आता मीही जाणार. निर्मलाचे हात हाती लागले तेव्हा ते बर्फासारखे गार होते. "आडवी हो. घोंगडीवर छाती टेक. हळूहळू." मी ओढत होतो, मावशी मला ओढत होत्या आणि गाळ काही सोडत नव्हता. शेवटी एक पाय सुटला. मग बऱ्याच वेळाने दुसरा. चपला आतच राहिल्या.

खडीवर आलो तेव्हा तिघंही चिखलाने सारखीच दिसत होतो. मावशींनी तिचे पाय धुतले, मेंढीच्या दुधाचा दाट चहा पाजला आणि मग पोटभर शिव्या घातल्या. "दगडापायी जीव देताव व्हय? लेकरं हायेत ना घरी?" निर्मलाने मान खाली घातली. घोंगडी खराब केल्याबद्दल मी माफी मागितली, तर मावशी म्हणाल्या, "ती धुतली की झाली."

परतीच्या वाटेवर "धर गं नीट" म्हणावं लागलं नाही. तिने दोन्ही हातांनी माझी कंबर आवळली होती, नखं रुतत होती. इतकी वर्षं मी याच गोष्टीसाठी तिच्या मागे लागलो होतो. आता तिने सोडावं असं वाटत होतं. ती मोर दाखवत नव्हती. समोरून ट्रक आला की तिचं अंग माझ्याआधी आक्रसायचं. मला कळून चुकलं की माझा घाबरटपणा तिच्या जिवावर चालला होता. ती बेधडक होती, म्हणून मला खुशाल घाबरता येत होतं. आता दोघंही घाबरायला लागलो तर घर चालायचं कसं? त्या पिशवीबरोबर गाळात आणखी काय गेलं, याचीच मला धास्ती वाटत होती.

वाळूज जवळ आलं. सूर्य आमच्या पाठीमागे टेकला होता. रस्त्याच्या कामासाठी कडेला टाकलेला खडीचा एक ढीग मागे पडला आणि माझ्या कंबरेवरचा एक हात सैल झाला. आधी मला भास वाटला. मग तो हात सुटलाच. ती मागे वळून उन्हाकडे बघत होती.

"अहो, थांबा, थांबा! त्या ढिगात काहीतरी चमकलं!"

आरशात पाहिलं. मागून ट्रक येत होता. "धर गं नीट!" मी ओरडलो आणि गाडी कडेला घेतली. आयुष्यात इतक्या आनंदाने मी कधी ब्रेक दाबला नव्हता.