परत आलेलं गाठोडं

आमच्या दुकानाला वडिलांनी एकच नियम घालून दिला होता. जांगडचं गाठोडं परत आलं की ते गिऱ्हाईकासमोर उघडायचं नाही. त्याला चहा पाजायचा, घरची चौकशी करायची, तो रस्त्याला लागला की मगच गाठ सोडायची. आत काही कमी निघालं तर आपलं नशीब.

जांगड म्हणजे पसंतीसाठी घरी दिलेला माल. पैसे नाहीत, सही नाही. चार कोट न्या, घरात सगळ्यांना दाखवा, एक ठेवा, तीन परत आणा. एकदा चोपड्याकडच्या एका आबांच्या घरून जाकीट कमी आलं. मी नुकता दहावी झालेलो, तणतणत म्हणालो, "जाऊन विचारूनच येतो." वडिलांनी अशी नजर टाकली की मी मुकाट खाली बसलो. महिन्याने आबा स्वतः आले, हातात जाकीट आणि खांद्यावर केळीचा घड. नातवाने गोधड्यांत टाकलं होतं म्हणे. त्या घरातल्या पुढच्या सगळ्या लग्नांचे कपडे आमच्याकडून गेले. माझा भाऊ माझ्याहून दहा वर्षांनी धाकटा. तो तेव्हा गल्ल्याशेजारी बसून त्या घडातली केळी खात होता. त्याने हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून तर माझा जीव जळतो.

वडील गेले तेव्हा तो बारावीत होता. त्याला पुढे मी शिकवलं, मीच दुकानात घेतलं. पोरासारखा वाढवला असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही, उपकार काढल्यासारखं वाटतं.

मग ती इटलीची कंपनी आली. तिकडच्या कुठल्याशा गावात एका खोलीत शिवणकाम सुरू झालं, तिथून मिलान, पॅरिस, दुबई, मुंबई असं करत पुरुषांच्या कपड्यांचा हा मोठा पसारा झाला. मुंबईचा साहेब नमुने घेऊन जळगावात फिरत होता. मोठ्या दुकानदारांनी त्याला वाटेला लावलं. एवढ्या महागाचा कोट इथे घालणार कोण? मी म्हटलं, ठेव बाबा दहा कोट.

पहिले दहा भुसावळच्या रेल्वे अधिकाऱ्यांनी आणि दीपनगरच्या वीजकेंद्रातल्या इंजिनिअरांनी नेले. पण पैसा खरा केळीवाल्यांकडे, आणि त्यांच्या घरातले म्हातारे दुकानात पाय ठेवायला तयार नव्हते. नवं काचेचं दार दिसलं की बाहेर चपला काढून उभे राहायचे. पोराला आत पाठवायचे, आणि पोरगं किंमत ऐकून बाहेर यायचं. शेवटी मी ते कोट आईच्या पांढऱ्या चादरीत बांधले आणि भावाला मोटरसायकलवर बसवलं. जा, ओसरीवर गाठोडं सोड आणि गप्प बस. म्हातारा कापड स्वतःच्या बोटांनी चाचपेल, सुना दारातून बघतील, पोरगं घालून दाखवेल. कोट जागेवर विकला जायचा.

कंपनीला हे कळलं तेव्हा साहेब फोनवर किंचाळलाच. "आमचा कोट गाठोड्यात? बिलाशिवाय?" मी म्हटलं, साहेब, गाठोडं बंद करतो, तुम्ही तुमचे कोट परत न्या. पुन्हा फोन आला नाही. दोन लग्नसराया गेल्या आणि कंपनीच्या कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर, जगातल्या शहरांच्या यादीत, सगळ्यात खाली जळगाव छापून आलं. ते पान मी फ्रेम करून गल्ल्यामागे लावलं. केवढा मूर्ख होतो मी!

एका हिवाळ्यात खुद्द इटलीचा मालक आला. पिकल्या केसांचा, बुटका, हसरा माणूस. आम्ही त्याला शेतात भरीत पार्टीला नेलं. काट्यांच्या जाळावर वांगी भाजली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या. तो मांडी घालून बसला आणि मिरचीने नाक लाल होईस्तोवर जेवला. त्याचे आजोबा सायकलवर कोट बांधून वाडी-वस्तीवर जायचे, असं त्याने सांगितलं. मी त्याला आमच्या गाठोड्याचा नियम सांगितला. भाऊ इंग्रजीत सांगत होता, मालक मान डोलवत होता. मी बाजूला बसून कौतुकाने बघत होतो. आपला भाऊ इटलीच्या माणसाशी बोलतोय! ते दोघे नंतर बांधावरून बराच वेळ फिरले. मला वाटलं, ऊस-केळी दाखवतोय.

पुढे कंपनीने ठरवलं की आता फक्त स्वतःच्याच नावाची शोरूम, हायवेला. साहेब म्हणाला, पहिला मान तुमचा. मी जागा बघू लागलो. भाऊ बरोबर असायचा. प्रत्येक जागेत त्याला खोट दिसायची. "घाई कशाले करस दादा, दिवाळी व्हऊ दे." आम्ही दोघे भाऊ एकमेकांशी बऱ्याचदा अहिराणीत बोलतो. मी थांबलो. दिवाळीनंतर एका सकाळी पेपरातून एक गुळगुळीत पत्रक पडलं. शोरूमचं उद्घाटन. खाली मालक म्हणून माझ्या भावाचा फोटो, टाय लावलेला. दूध आणायला निघालेलो, तसाच पायरीवर बसलो.

त्याला फोन लावला. "अरे, हे काय?"

"दादा, तू जमवलं नसतंस. गाठोड्यातनं बाहेरच आला नसतास."

केसाने गळा कापला हो! परक्याने कापला असता तर चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो. आठवड्यात कंपनीचं पत्र आलं, यापुढे माल मिळणार नाही. गरज सरो, वैद्य मरो. वरून त्यांनी घरपोच पसंतीची योजना काढली, कोट मोबाईलवरून मागवायचे, अनामत रक्कम भरून. जांगड माझी, नाव त्यांचं. मी फ्रेम उतरवली आणि बायकोला सांगितलं, त्या शोरूमची पायरी मी मेलो तरी चढणार नाही. चार वर्षं पाळलं.

यंदा मुलीचं लग्न ठरलं. जावई धुळ्याचे. नवरदेवाचा सूट मुलीकडून द्यायची पद्धत. जावई बिचारे भोळेपणाने म्हणाले, "पप्पा, तुमच्याच त्या इटलीच्या कंपनीचा चालेल." तुमच्याच! त्याच दिवसांत पत्रिकेचा मजकूर छापखान्यात द्यायचा होता. निमंत्रकांत माझ्या नावाखाली भावाचं नाव घालायचं की नाही, यावरून घरात आठ दिवस धुसफूस चालू होती. बायको म्हणाली, "आधी सूट घेऊन या. त्याचं तोंड बघा, मग ठरवा."

गेलो. सवयीने आईची ती चादर घडी करून पिशवीत घातली होती. भाऊ धावत दारापर्यंत आला, वाकून पाया पडला. "दादा, फोन करायचा ना, मी आलो असतो." चहा मागवला. मी म्हटलं, जावयांना सुट्टी नाही, तीन कोट धुळ्याला नेऊन दाखवतो, दोन उद्या परत आणतो. काउंटरवरची बाई म्हणाली, "सर, अनामत भरावी लागेल." भावाने तिला हातानेच थांबवलं. "हे माझे दादा आहेत. यांच्याकडून काही घ्यायचं नाही." मी चादर काढली तशी त्याने तिचा कोपरा बोटांत धरला. "आईनी शे ना ही?" कोट त्याने स्वतः बांधले. गाठ अजून तशीच मारतो, वडिलांसारखी.

खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. धुळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत माझ्यातला राग पार उतरला होता. जावयांनी निळा कोट घेतला. येताना थेट छापखान्यात गेलो आणि भावाचं नाव घालायला सांगितलं. पत्रिका दुसऱ्या दिवशी दुपारी हातात आल्या. पहिली देवापुढे ठेवली. दुसरीला बायकोने कुंकू लावलं, अक्षता ठेवल्या. मी ती दोन कोटांच्या वर ठेवली आणि चादरीची गाठ मारली. मी गेल्यावर भाऊ गाठ सोडेल, वरच सापडेल, म्हटलं. तोंडाने आमंत्रण द्यायला मला जमलं नसतं. बायको हसली. म्हणाली, दोघं भाऊ सारखेच.

शोरूममध्ये भाऊच होता. मी गाठोडं काउंटरवर ठेवलं. "बस दादा, चहा सांगतो," तो म्हणाला. मी बसलो. चार वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर निवांत बसलो होतो.

त्याने गाठ सोडली.

"अरे, राहू दे," मी म्हटलं. "मग बघ."

"दोन मिनिटं, दादा." पत्रिका वरच होती. त्याने ती न बघता उचलून बिलाच्या मशिनवर ठेवली. अक्षता फरशीवर सांडल्या. मग पहिला कोट उजेडाकडे धरला. कॉलर आतून पाहिली. बाह्या पाहिल्या. खिशांत हात घालून पाहिलं. काखेत नाक घालून वास घेतला. दुसरा घेतला आणि पुन्हा तेच. लेबलं मोजली. चादर झटकून खालीही पाहिलं.

मी उठलो, पत्रिका उचलून खिशात घातली आणि चादरीची घडी केली.

"बराबर शे, दादा," तो म्हणाला.