टाकीजवळची हरळी

घाटकोपरच्या आमच्या सोसायटीत समोरच्या विंगमधल्या एक मावशी रोज सकाळी गुलाबाच्या वाफ्यातली हरळी उपटत बसतात. नाव मी कधी विचारलं नाही. पदर खोचलेला, हातात खुरपं. मूळ मध्येच तुटलं, तर उरलेलं सापडेपर्यंत माती उकरतात. बघूनच माझी कंबर दुखते. पण पाण्याच्या टाकीजवळच्या हरळीला त्या हात लावत नाहीत आणि तिथूनच ती पुन्हा वाफ्यात घुसते.

एकदा न राहवून म्हटलं, "मावशी, तीच उपटा ना! कटकट संपेल."

त्यांनी मान वर केली. "आणि गणपतीत दुर्वा काय तुझ्या गॅलरीतून आणू?"

मग खुरपं मातीत खुपसत म्हणाल्या, "तिकडची हरळी बाप्पाची. वाफ्यात शिरली, की गाठ माझ्याशी आहे."