मुंगी चावेल एवढंच

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली, कारण तिच्यात मी खोटारडा ठरतो. मी गावोगाव देवीची लस टोचत असे. मुलं घाबरत, म्हणून एका गावी माझ्याच लेकीला, शालनला पुढे केलं. म्हटलं, "मुंगी चावेल एवढंच." तिनं ऐटीत दंड पुढे केला आणि सुई लागताच अशी किंचाळली, की अख्खी रांग उसात पसार झाली. त्यानंतर मी काहीही सांगितलं, की ती आधी आईला विचारून यायची.

काल शालन तिच्या नातीला बालसमुपदेशक बाईंकडे घेऊन गेली; मीही गेलो. शाळेला घाबरणाऱ्या त्या पोरीला बाई म्हणाल्या, "उद्या रडू येईल. थोडं आज इथंच रडून बघूया?" मला हसू आलं, मग ओसरलं. लस म्हणजे तरी काय? सोसवेल तेवढंच आधी द्यायचं. आजाराचा थेंब मी नेमानं दिला. खऱ्याचा राहूनच गेला.

पोरीनं विचारलं, "पणजोबा, शाळेत त्रास होतो?"

"त्यांना नको विचारूस," शालन म्हणाली, "ते मुंगी म्हणतील."

सगळे हसले. शालनच्या दंडावर तो गोल वण अजून होता.

"शालन, त्या दिवशी..."

"काय, बाबा?"

"काही नाही. पंखा कमी करायला सांगू का?"