मागचं डावं चाक

फिटरला सगळे फिटरच म्हणत. बायको तेवढी 'अहो' म्हणे. बसडेपोच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढून तो निवृत्त झाला, त्यालाही चार वर्षं होऊन गेली, पण नखांतलं ग्रीस काही निवृत्त व्हायला तयार नव्हतं. सासरवाडीत तो थोरला जावई. नळ गळो, पंखा कुरकुरो, कुलूप अडो, सासऱ्यांच्या तोंडी एकच वाक्य असे, "जावईबापूंना बोलवा." सासऱ्यांची फिक्या हिरव्या रंगाची सव्वीस वर्षांची गाडी तर जणू त्याच्याच मांडीवर वाढलेली. तिच्या बॉनेटला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. कुणी लावतही नसे.

मग दोन वर्षांपूर्वी त्या घरात डॉक्टर शिरला.

तो खरं म्हणजे डॉक्टर नव्हता, फिजिओथेरपिस्ट होता. "हातपाय ओढतो आणि पैसे घेतो," असं फिटर त्याचं वर्णन करी, पण फक्त बायकोपाशी. सासूबाईंचा गुडघा धरला म्हणून तो घरी येऊ लागला. सहा आठवड्यांत सासूबाई कठड्याला हात न लावता जिना चढायला लागल्या. आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत 'मला लग्न करायचं नाही' म्हणणारी धाकटी मेहुणी त्याच्याशी लग्न करून मोकळी झाली. "गुडघा बरा करायला आला नि मुलगी घेऊन गेला!" हा सासऱ्यांचा आवडता विनोद. पहिल्यांदा ऐकला तेव्हा सगळे हसले. फिटरही हसला, जरा उशिरा.

तेव्हापासून त्या घरात डॉक्टरचा जप सुरू झाला. डॉक्टर म्हणाले उशी बदला. डॉक्टर म्हणाले चप्पल मऊ घ्या. एकदा जेवताना फिटरनं मनातल्या मनात मोजलं, सतरा वेळा 'डॉक्टर' झालं. 'जावईबापू' एकदाच, तेही मीठ सरकवायला सांगताना. बरं, डॉक्टर फुशारक्या मारणारा असता तरी बरं झालं असतं, नावं ठेवायला जागा मिळाली असती. पण तो नम्र होता. फिटरला 'दादा' म्हणे, उठून खुर्ची देई. त्यानं तर फिटरचं पित्त आणखीच खवळे.

अशात एका सकाळी सासऱ्यांचा फोन आला. "जावईबापू, गाडी बदकासारखी चालायला लागलीय हो. हळू असली की डुलते, डावी-उजवीकडे. वेग घेतला की कमी होतं."

फिटरनं चहा अर्धा टाकला. पान्यांची पेटी उचलली आणि तरातरा निघाला. पावलं हलकी झाली होती. गुडघ्यांचं राज्य संपलं, आता चाकांची पाळी, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. फाटकातून आत गेला तर ओट्यावर डॉक्टर कप घेऊन बसलेला. सुट्टी होती म्हणे.

फिटरनं गाडी काढली. घरामागे सरळ, सपाट, फारशी रहदारी नसलेली गल्ली होती. ताशी पंधराच्या वेगाला गाडी डुलायला लागली. इकडून तिकडे, तिकडून इकडे, एका ठेक्यात. तो परत आला तेव्हा डॉक्टर रस्त्यात उभा.

"दादा, अजून हळू चालवता का? माझ्या चालीनं. मी मागून बघतो."

"मागून काय बघणार?"

"चाल. पेशंटचीही मी मागूनच बघतो. समोरून माणूस नीट चालायचं सोंग करतो."

सासरे खो खो हसले. नाही म्हणायची सोय उरली नाही. फिटरनं गाडी पहिल्या गियरमध्ये सोडली. आरशात डॉक्टर दिसत होता. हात पाठीमागे, मान वाकडी, गाडीच्या मागून एकेक पाऊल टाकत चाललेला. शेजारच्या खिडकीतून एक बाई हे बघत राहिली. गल्ली संपल्यावर डॉक्टर खिडकीशी आला.

"मागचं डावं चाक. दर फेरीला एकदा ती कंबर बाहेर टाकते."

"गाडीला कंबर नसते," फिटर म्हणाला.

"तेही खरंच," डॉक्टर म्हणाला आणि बाजूला झाला.

वाईट याचं होतं, की फिटरला ते आधीच कळलं होतं. स्टिअरिंग हातात शांत होतं, हलत होती ती सीट. डेपोत नव्या पोरांना तो पहिल्याच दिवशी सांगे, "हातात हललं तर पुढे बघा, बुडाखाली हललं तर मागे." पहिल्याच फेरीत बुडानं साक्ष दिली होती. तोंड उघडून बोलायचंच तेवढं बाकी होतं, आणि तेवढ्यात ते दुसऱ्याच्या तोंडून बाहेर पडलं. आता तेच बोलायचं म्हणजे डॉक्टरच्या मागे मान डोलवायची.

"स्टिअरिंगचा टाय रॉड गेलाय," तो म्हणाला. "पुढचं काम आहे. या गाडीला मी ओळखतो."

झालं. एकदा बोलून बसल्यावर माणूस बोललेलं निस्तरत राहतो. फिटरनं टाय रॉडची टोकं बदलली. गाडी डुलतच राहिली. पुढचे बॉल जॉइंट बदलले. मग अलाइनमेंट करून घेतलं. मग चाकांचं बॅलन्सिंग, तेही पुढच्याच दोन चाकांचं. बॅलन्सिंग बिघडलं तर गाडी वेगात थरथरते, हळू चालताना डुलत नाही, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. दर वेळी सासरे एक चक्कर मारून येत आणि त्याचं मन राखायला म्हणत, "जरा कमी वाटतंय, नाही?" त्या 'जरा कमी'नं त्याच्या अंगाचा तिळपापड होई.

टायरवाला त्याचा जुना दोस्त. त्यानं सहज विचारलं, "मागची चाकं पुढे टाकून बघितलीस का? डुलणं चाकाबरोबर पुढे आलं तर टायर, नाही आलं तर दुसरं काही. तूच तर मला शिकवलंस."

"बघितली," फिटर म्हणाला. धडधडीत खोटं. एवढी साधी परीक्षा, अर्ध्या तासाचं काम. पण निकाल डॉक्टरच्या बाजूनं लागेल, या धास्तीनं त्यानं पेपरच टाळला होता.

तिसऱ्या आठवड्यात बायको म्हणाली, "अहो, एका गाडीला तुम्ही इतके दिवस कधी लावले नाहीत. डॉक्टर म्हणत होते ते मागचं चाक..."

"तू पण सुरू कर आता!"

ती न भांडता आत निघून गेली. ती न भांडता जाणारी बाई नव्हती, आणि म्हणून ते जास्त लागलं.

मग सासूबाईंची डोळे तपासायची तारीख आली. नेहमी त्यांना फिटरच नेई. त्या दिवशी तो गाडी पुसून फाटकाशी उभा होता. सासूबाई पायरीवर थांबल्या, पदराशी चाळा करत म्हणाल्या, "राग मानू नका हं. मागे बसलं की मला मळमळतं. मी आज डॉक्टरांच्या गाडीतून जाते." डॉक्टरनं दार उघडलं, त्यांचा हात धरून आत बसवलं आणि खाली मान घालून गाडी काढली. फिटरच्या हातात पुसायचं फडकं होतं. ते त्यानं पिळलं, कोरडंच.

त्याच दुपारी बाकी घर रिकामं होतं. सासरे तेवढे आत झोपले होते. फिटरनं जॅक लावला, मागचं डावं चाक काढून पुढे लावलं, पुढचं मागे टाकलं आणि गल्लीत गेला. ताशी पंधरा. स्टिअरिंग हातात डावं-उजवं, डावं-उजवं व्हायला लागलं, नाही म्हणणाऱ्या लहान मुलाच्या मानेसारखं. सीट निश्चल.

परत येऊन त्यानं ते चाक पुन्हा अधांतरी केलं. जवळ खडूचा तुकडा घट्ट धरला आणि चाक फिरवलं. खडूची रेघ सगळीकडे सारखी उमटायला हवी होती, ती एकाच ठिकाणी जाड उमटली, बाकी कोरं. मग त्यानं टायरवरून तळहात फिरवला. एका जागी रबर उचललेलं होतं, आणि खाचांची ओळ तिथं वाकडी झाली होती, चुकलेल्या शिवणीसारखी. आतला तारांचा पट्टा सुटला होता. हा टायर त्यानंच बसवलेला. गेल्या वर्षी मागचा टायर फाटला तेव्हा डिकीतली स्टेपनी त्यानं तिथं चढवली होती. बाजूवर कोरलेला उत्पादनाच्या वर्षाचा आकडा आता वाचला. टायर अकरा वर्षांचा होता.

रस्त्यात फुटला असता तर मागे सासूबाई होत्या. 

एवढं होऊनही त्याची अक्कल ठिकाणावर आली नाही. टायरवाल्याकडून त्यानं नवा टायर आणून बसवला, त्यावर मुद्दाम धूळ चोळली, पट्टा सुटलेला टायर सासऱ्यांच्या शेडमध्ये पोत्यांमागे लपवला. संध्याकाळी सगळे परतले तेव्हा म्हणाला, "बॉल जॉइंट जरा घट्ट बसला होता. आता रुळला."

सासऱ्यांनी चक्कर मारली. गाडी पाण्यावरून गेल्यासारखी गेली. "शेवटी जावईबापू ते जावईबापू!" त्यांनी पाठ थोपटली. इतके दिवस ज्या वाक्यासाठी तो जळत होता, ते मिळालं. पण तो पान्यांची पेटी आवरत राहिला.

आणि डॉक्टर मनापासून म्हणाला, "दादा, मी चुकलो म्हणायचं. शंभर टक्के मागचं वाटलं होतं मला."

विषय तिथंच मिटायचा, पण मिटला नाही. आठवड्यानं डॉक्टर फिटरच्या घरी आला. बसला, पाणी प्यायला, मग म्हणाला, "एक विचारू? एक आजोबा येतात माझ्याकडे. लंगडतात. चाल बघून मला वाटतं दुखणं पायात नाही, कमरेत आहे. आधी मी ठाम सांगितलं असतं. पण गाडीच्या वेळी असाच ठाम होतो आणि तोंडघशी पडलो. म्हणून बोललो नाही, ते अजून पायालाच शेक देतायत. तुम्ही मला समजावून सांगा ना, माझं बघण्यात काय चुकलं?"

फिटरच्या बायकोनं स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. फिटर उठला, चपला घातल्या. "चला."

सासऱ्यांच्या शेडमध्ये त्यानं पोती बाजूला केली, टायर ओढून काढला आणि डॉक्टरचा हात धरून त्या उचललेल्या जागेवर ठेवला.

"हे होतं. मागचं डावं. तुमचं काही चुकलं नव्हतं."

डॉक्टर बोटं फिरवत राहिला. "तुम्हाला कधी कळलं?"

"दिसलं गेल्या मंगळवारी. कळलं पहिल्याच दिवशी."

"मग?"

"मग काय! तुम्ही आधी बोललात." फिटरचा आवाज चढला, मग बसला. "जळलो मी. दोन वर्षं जळतोय. उद्याच्या उद्या त्या आजोबांची कंबर बघा."

डॉक्टरनं टायरवरचा हात काढला. 'जाऊ द्या' म्हणाला नाही, आणि हसलाही नाही. तीन आठवडे सासूबाईंना त्या चाकावर बसवून फिरवलं, हा ठपका त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "हे आईंना तुम्हीच सांगायचं."

फिटरनं सांगितलं, रविवारी, सगळे जेवत असताना. सासरे घास हातात धरून ऐकत होते. सासूबाई म्हणाल्या, "अहो, मग मला नुसतं विचारायचं ना! माझ्याच खालून हलत होतं." धाकटी मेहुणी हसली, पण फिटरच्या बायकोनं तिला डोळ्यांनी गप्प केलं आणि नवऱ्याच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला.

पुढे सासरे ही गोष्ट येईल त्याला सांगू लागले. त्यांच्या गोष्टीत डॉक्टर गाडीच्या मागून चालतो आणि एका नजरेत रोग ओळखतो. फिटर फक्त जॅक लावतो.  ऐकताना फिटर उठून बाहेर जाई, पण खोडून काढत नसे.

महिन्याभरानं फिटर सासरवाडीत असताना डॉक्टर स्वतःची गाडी घेऊन आला. आजोबांचं दुखणं कमरेचंच निघालं होतं, हे त्यानं दारातच सांगितलं. मग म्हणाला, "टायर कसे तपासायचे, मला शिकवा." फिटरनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्री.

"खाली शिरावं लागेल," तो म्हणाला.

पोतं अंथरता आलं असतं. शेडमध्ये ढीगभर होती. फिटरनं अंथरलं नाही. डॉक्टर पाठीवर पडून गाडीखाली सरकला, आणि फिटर शेजारी उकिडवा बसून सांगू लागला, "हात आतल्या बाजूनं फिरवा. घाई नको. आणखी आत. आणखी."