आईची कागदावरची तीन वर्षं

आरोग्य विम्यावरचा टॅक्स गेला, तेव्हा आमच्या घरात सर्वांत जास्त आनंद मला झाला. आई-बाबांच्या पॉलिसीचा हप्ता मीच भरते. त्या आनंदात मी ऑफिसात समोसे वाटले. पंधरा दिवसांनी नोटीस आली. हप्ता मागच्या वर्षीपेक्षा वाढला होता.

एजंटला फोन लावला आणि आवाज चढवला. तो थंडपणे म्हणाला, "मॅडम, टॅक्स तर गेला. पण दोघांच्या पॉलिसीत हप्ता मोठ्या मेंबरच्या वयावर लागते. मोठ्या मेंबरले सत्तर झाले."

"बाबा एकोणसत्तरचे आहेत."

"बाबा नाही. आई."

घरी हे सांगितलं तर बाबांना हसू आवरेना. "काहून वं, माह्यापेक्षा मोठी निघाली तू? इतकी वर्षं सांगतलं नाही!" आई मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

एजंटकडे उपाय तयार होता. सत्तरीच्या वरच्यांना सरकारचं मोफत उपचारांचं कार्ड मिळतं. आईचं ते काढायचं, पॉलिसीतून तिचं नाव वगळायचं, बाबांचं एकट्याचं ठेवायचं. हप्ता चांगलाच खाली येणार होता. अडचण एवढीच, की घराजवळचं हॉस्पिटल, जिथे बाबांना स्टेंट बसवला, ते कार्ड घेत नाही. आईला काही झालं तर लांब जावं लागणार. पण आईला कुठे काही होतं, असं मी ठरवून टाकलं. तिचे गुडघे मी कधी दुखण्यात धरलेच नव्हते.

कार्डाच्या केंद्रावर बाईंनी वय विचारलं. आई म्हणाली, "सदुसष्ट."

"आजी, आधारवर सत्तर आहे."

"मंग सत्तर."

कार्ड निघालं. संध्याकाळी नाव वगळायचा फॉर्म मी आईपुढे ठेवला आणि विचारलं, "खरं वय कोणतं गं तुझं?"

"सदुसष्ट. खाप्याच्या शाळेत सहावीत होती मी, बारा वर्षांची. बिडीच्या कारखान्यात एवढ्या लहान पोरी घेत नव्हते, म्हणून बानं पंधरा लिहून देल्ले. तेच राशनकार्डावर गेलं, तेच आधारवर."

"आणि शाळा?"

"शाळा कायची? सुटली."

बाबा अजूनही वयावरून तिला चिडवत होते, त्यांचं हसू थांबलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनाही हे माहीत नव्हतं.

"तवाबी घराले कामी पडलं ते वय, आताबी पडून राह्यलं," आई म्हणाली. चिडून नाही, मेथी महाग झाली म्हणावं तसं. "दे पेन. कुठं सही करू?"

मला लाज वाटली. अशी लाज मला फार कमी वेळा वाटली आहे. फॉर्म उचलला आणि दोघांचा पूर्ण हप्ता भरून टाकला.

दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन. "मॅडम, आईचं नाव चुकून राहून गेलं काय?"

"चुकून नाही," म्हटलं, आणि ठेवून दिला.

त्याच आठवड्यात गुडघे दाखवायला आईला घराजवळच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे भरायच्या कागदावर वयाच्या रकान्यात मी ठसठशीत सदुसष्ट लिहिलं. आईनं चष्मा लावून ते वाचलं. माझ्या हातातला पेन घेतला, आकडा खोडला आणि सत्तर लिहिलं.

"पॉलिसीत सत्तर आहे ना वं," ती म्हणाली. "कागद जुळू दे."