तडीअप्पांची दुर्बीण

आमचे अप्पा कलिंगड घ्यायला मंडईत गेले की एकेका कलिंगडावर टिचकी मारत, कान लावत आणि रिकाम्या हातानं घरी येत. "उद्या चांगली येतील की," म्हणत. हे माझे थोरले काका. वडील लवकर गेले, म्हणून आम्ही भावंडं त्यांच्याच घरी सोलापुरात वाढलो. आमच्या लिंगायत घरातल्या मराठीत कानडी मिसळलेलं. अप्पा ऊठसूट 'तडी' म्हणायचे, म्हणजे 'थांब'. म्हणून आम्ही पोरांनी त्यांना तडीअप्पा केलं. माणूस लोण्यासारखा मऊ, पण त्यांच्याकडून एखादी गोष्ट हवी असली की जीव नकोसा व्हायचा.

शाळेत मास्तरांनी शनीच्या कड्याचं चित्र दाखवलं आणि मी हट्टच धरला, ते कडं मला खरंखुरं बघायचंय. काकू म्हणाली, "शनी लांब हाय तेच बरं हाय. जवळ कशाला आणतीस त्याला?" अप्पा मात्र खूश झाले. "घरच्या समद्या लेकरांसाठी दुर्बीण घिऊ. पण घ्यायची तर चांगलीच घ्यायची." हे वाक्य ऐकलं आणि मला मंडईतली कलिंगडं आठवली.

स्टेशनाजवळचा चष्मेवाला मुंबईहून दुर्बिणी मागवून आम्हाला दाखवायला आणी. अप्पा एकेक दुर्बीण घरावरच्या माळवदावर नेत आणि भर दिवसा सिद्धेश्वराच्या कळसावर रोखत. एक हलते म्हणून परत गेली, एक लेकरांना जड म्हणून. एकीच्या तिवईचा पायच त्यांना पसंत पडला नाही. चांदण्या निघायच्या आत दुर्बीण पेटीत. मला असा संताप यायचा की मी भरल्या ताटावरून उठून जाई.

शेवटी एक खरंच चांगली आली. अप्पांनी डोळा लावला आणि दचकून मागं सरले. "कळस खाली दिसतोय वो. पायऱ्या वर."

"आकाशाची दुर्बीण उलटंच दावती, अप्पा," चष्मेवाला म्हणाला. "चांदण्यांना वर काय अन् खाली काय?"

"देवाचं देऊळ उलटं दावणारी चीज लेकरांच्या हातात? न्हाय बा. पोरीनं पैल्यांदा बघायचं ते सुलटंच बघितलं पायजे."

मी रडकुंडीला आले. "मी देऊळ बघणारच न्हाय, अप्पा. संध्याकाळपर्यंत तरी ठिवा की."

"तडी गं बाळ. सुलटी मिळंल."

ती सुलटी शोधता शोधता माझं लग्न ठरलं. मंगळवेढ्याचं स्थळ, जमीनजुमला बक्कळ. पाहुणे जेवून उठले आणि सुपारी फुटलीसुद्धा. सगळ्यात पुढं अप्पाच. टिचकी नाही, कान लावणं नाही. मी दाराआडून त्यांच्या तोंडाकडं बघत होते, आता म्हणतील, आता म्हणतील. ज्या शब्दानं मला इतकी वर्षं छळलं, तो नेमका त्या दिवशी त्यांना सुचला नाही.

निघताना बैलगाडीपाशी ते घळाघळा रडले. "दिवाळीला येशील तवा दुर्बीण असंल बघ," म्हणाले. ती कधीच आली नाही. अप्पा गेले तेव्हा मी पोटभर रडले, आणि रडतानाही मला त्यांचा रागच येत होता.

परवा नातवंडांसाठी दुर्बीण आणली. दुकानदारानं दाखवलेली पहिलीच उचलली. दिवेलागणीला मुलानं ती शनीवर लावून दिली. धाकटी नात डोळा लावायला वाकली.

"तडी," मी म्हणाले, आणि तिला बाजूला सारून आधी मी बघितलं.

कडं होतं. उलटं बघा नाहीतर सुलटं, ते सारखंच दिसतं.